हलका हात

चपलेचा आवाज झाला तेव्हा पालआजी चहात बिस्किट बुडवत होती. ते बिचारं हातातच राहिलं, मऊ पडलं आणि अर्धं तुटून कपाच्या तळाशी जाऊन बसलं. जेवणं नुकतीच झाली होती. मंडळी टेबलाभोवती सुस्तावून गप्पा मारत होती. भिंतीवरच्या घड्याळामागून एक पाल बाहेर आली, आणि नातजावयाने बोलता बोलता, तोंडातलं वाक्यही न तोडता, पायातली चप्पल काढून तिच्यावर हाणली. एकच फटका, अगदी नेमका. घड्याळ हललं नाही की भिंतीवर डाग पडला नाही. पाल फरशीवर उताणी पडली आणि तिची शेपटी सुटून साखरेच्या डब्याशेजारी येऊन उड्या मारायला लागली.

"सॉरी हं आजी," नातजावई हसत म्हणाला. "तुमच्या नात्यातली नव्हती ना कुणी?"

पालआजीची मुलगी खळखळून हसली. हसण्यासारखंच होतं. पालआजीने उभी हयात एका वस्तुसंग्रहालयात पाली ओळखण्यात घालवली होती. नात लहान असताना दोन आज्यांची गल्लत होऊ नये म्हणून तिनेच हिला पालआजी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की आता दूधवालाही खालून पालआजी म्हणूनच हाक मारायचा. म्हातारीला त्याचं काही वाटत नसे. आपल्याला लोक कुठल्या तरी कामावरून ओळखतात, एवढं पुष्कळ झालं असं ती म्हणायची.

शेपटी अजून नाचत होती. माणसं अशा वेळी शेपटीकडेच बघतात, कारण तिचा उद्योगच तो असतो. ती बघणाऱ्याला गुंतवून ठेवते आणि तेवढ्यात पाल निसटते. पाली पकडायला टेकडीवर आलेल्या नव्या माणसाला पहिल्यांदा हेच शिकावं लागे की शेपटीकडे बघायचं नाही, पाल कुठे गेली ते बघायचं. इतक्या वर्षांनंतरही पालआजीची मान आपोआप दुसरीकडे वळली. पाल तर आता कुठेच जाणार नव्हती. म्हणून नजर तशीच पुढे गेली आणि समोर बसलेल्या नातीवर थांबली. नात शेपटीकडे बघत नव्हती आणि पालीकडेही बघत नव्हती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. तो हात खाली येतोय का, खाली येऊन थांबतोय का, की पुन्हा वर जाणार आहे. तोंड सगळ्यांबरोबर हसत होतं, पण डोळे त्या हाताला बांधल्यासारखे त्याच्याबरोबर खाली उतरले, आणि चप्पल पुन्हा पायात गेली तेव्हा तिचे खांदे एवढेसे सैल झाले. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. पालआजीला दिसलं. असं बघणारी एक बाई तिने पूर्वी रोज पाहिली होती, आरशात.

"नेम बघितलास ना आई?" मुलगी कागदाच्या तुकड्याने शेपटी उचलत म्हणाली. "हात आहे खरा. दातांचा डॉक्टर उगीच नाही झाला. अगदी बाबांसारखा. बाबांचा हातही असाच होता नाही, हलका?"

"हो," पालआजी म्हणाली. "हलका होता."

लोक म्हणतात, मनात शंकेची पाल चुकचुकली. पालआजीला ह्या बोलण्याचं नेहमी हसू यायचं, कारण खऱ्या पाली तिने इतक्या हाताळल्या होत्या की मनातली एखादी चुकचुकली असती तरी ती आधी विचारती, कुठली? आज तिला हसू आलं नाही. कपातलं बिस्किट चमच्याने ढवळत ती बसून राहिली, आणि चहाचा तो गढूळ रंग बघता बघता तिच्या डोळ्यांपुढे ती टेकडी आली. काळे, पाठीएवढे रुंद दगड, उन्हाने इतके तापलेले की हात टेकवला तर चटका बसे. ती तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. पाठीवर पिशवी, पिशवीत बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट, आणि पुढे चालणारे सर. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. पुढे त्यांच्याशी लग्न झालं तरी तिच्या तोंडात सरच राहिलं. त्या टेकडीवर दोन जातींच्या पाली राहायच्या आणि दोन्ही दिसायला इतक्या सारख्या की एक लपवावी आणि दुसरी दाखवावी. तोच मातकट रंग, तेच ठिपके, तीच बोटभर लांबी. फरक होता तो उलटं करून बघावं तेव्हा कळे. नराच्या मांडीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते. एकीत ती सलग जाते, दुसरीत मधे तुटते. पण त्यासाठी पाल हातात यायला हवी. दगडावर असतानाच ओळखायची तर एकच खूण होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात नव्हती, सरांनी स्वतः बघून ठेवली होती. घाबरली की त्यातली एक खाली पळते, दगडाच्या फटीत शिरते. दुसरी वर पळते, उघड्या कातळावर. "फटीत जाणारी सापडते," सर म्हणायचे. "तिला वाटतं आपण सुरक्षित झालो. मग काडी घालायची आणि बाहेर काढायचं. वर जाणारी मात्र हाताला लागत नाही."

आणि काय हात होता तो! ती आधी त्या हातांच्याच प्रेमात पडली, माणूस नंतर आला. पाल धरताना शेपटी तुटली तर अर्धा नमुना वाया गेला असं समजायचं, आणि इतर सगळ्यांच्या हातून शेपट्या तुटायच्या. सर तळवा पालीवर असा ठेवायचे की तिला सावली पडल्यासारखं वाटावं. मग दोन बोटं मानेमागे आणून अलगद उचलायची. पाल त्यांच्या हातात धडपडतसुद्धा नसे. तिचं छोटं काळीज छातीच्या पातळ कातडीखाली धडधडताना दिसायचं, आणि सर तिच्याकडे अशा नजरेने बघायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस मुंगीलासुद्धा दुखवणार नाही. मग ते दुसरा हात पुढे करायचे आणि ती त्या हातात औषध भरलेली सुई द्यायची. सुई छातीत जायची. पाल ताठ व्हायची, जबडा उघडायचा, आणि हळूहळू मिटायचा. पुढे सुया तिने स्वतः मारल्या. किती, ते आठवत नाही. हात थरथरला नाही हे मात्र आठवतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर तिने एक चूक केली होती. टेकडीवर दिवसा दगडाखाली सापडलेल्या पाली गडद होत्या, जवळजवळ काळ्या. संध्याकाळनंतर कातळावर दिसलेल्या फिकट, राखेसारख्या. तिला वाटलं, ह्या दोन निराळ्या जाती. तिने त्या निरनिराळ्या बाटल्यांत ठेवल्या, दोन निराळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि मोठ्या अभिमानाने सरांपुढे नेऊन ठेवल्या. ते रागावले नाहीत. हसले, खुर्ची ओढून तिला बसवलं, एक बाटली उघडून पाल उलटी केली, मग दुसरी. "बघ बरं," ते म्हणाले. "छिद्रं सारखीच, बोटांखालच्या पट्ट्या सारख्याच. बाई, ही एकच आहे. हा दिवसाचा रंग, हा रात्रीचा. रंगावर कधी जायचं नाही." इतक्या मायेने आजवर तिची चूक कुणी दाखवली नव्हती. त्याच वर्षी लग्न झालं.

लग्नानंतर काही महिन्यांनी घरी पाहुणे आले होते, बाहेरगावचे दोन तज्ज्ञ. सर त्यांना एक बाटली दाखवत होते, आणि ती चहा घेऊन आत आली असताना सहज म्हणाली, "ह्यात एक दुसरी आहे की. हिची रांग मधे तुटलीय." पाहुण्यांनी भिंग लावलं, म्हणाले, खरंच की, बाईंची नजर तीक्ष्ण आहे. सर सगळ्यांत आधी हसले. पाहुण्यांना पोचवून आले, आत आले, दाराला आतून कडी लावली, आणि तिचा डावा हात हातात घेतला. तिला वाटलं, शाबासकी. त्यांनी करंगळी दोन बोटांत धरली, पाल धरायची तशीच, आणि मागे वाकवली. फार जोर लावला नाही. वाळलेली काडी मोडावी तसा आवाज झाला. ती किंचाळली नाही, श्वासच मिळाला नाही. मग ते उठले, कामाच्या पेटीतला लांब चिमटा आणला, तो करंगळीला लावून वर पट्टी बांधली. इतक्या नाजूकपणे बांधली की इस्पितळातल्या नर्सला जमलं नसतं. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. खरोखर काळजीने विचारलं. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की बाटलीचं झाकण लागलं, आणि मोठ्या बाटल्या तिला उचलू देऊ नका म्हणून बजावलं.

पुढे दात, बरगडी, कान. कानात अजून एक शिट्टी वाजते, बारीक आणि सतत. तिला आता तिची सवय झाली आहे, फ्रिजच्या आवाजाची होते तशी. नवल ह्याचं नव्हतं. नवल ह्याचं, की पाली उलट्या करून ओळखणाऱ्या बाईने घरात मात्र पुन्हा तीच चूक केली. तिने दोन बाटल्या केल्या. एकीत टेकडीवरचे सर, तिला पाणी आधी देणारे, तिच्या पायाला काटा लागला तर वाकून काढणारे. दुसरीत कडी लावणारे सर. दोन चिठ्ठ्या लावल्या आणि वर्षानुवर्षं तशाच ठेवल्या. हे एक, ते एक. हे खरे, ते कधीमधी येणारे. एकदा टेकडीवर, मुलगी चांगली शाळेत जायला लागल्यावरची गोष्ट, सरांनी पाल धरली होती आणि ती नेहमीप्रमाणे सुई घेऊन उभी होती. तेव्हा तिने पालीकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघितलं. तीच दोन बोटं, तोच दाब. आणि तिला एकदम कळलं की हा हलका हात म्हणजे दया नव्हे. नमुना खराब होऊ नये म्हणून घेतलेली काळजी आहे ती. टेकडीवर आणि घरात माणूस एकच होता, रंग तेवढा दिवसाचा आणि रात्रीचा. कळलं, पण कळून ती फटीतच राहिली. सर म्हातारे झाले, अंथरुणाला खिळले, तिने चमच्याने भरवलं, आणि ते गेले तेव्हा लोक म्हणाले, असा माणूस होणे नाही.

"आई, चहा गार झाला तुझा. दुसरा टाकू?"

"नको."

नातजावई आतल्या खोलीत जाऊन पडला होता. ती खोली आधीच्या मालकाच्या कुत्र्यांची. म्हणून तिच्या दाराला बाहेरून जाड कडी होती, आणि मुलगी ती काढायचं गेली कित्येक वर्षं मनावर घेत होती. तशीच ती दुसऱ्या एका गोष्टीवरून रोज कुरकुरायची, की ह्या घरात दारांच्या फटीत पाली चिरडून मरतात आणि वाळून कागद झाल्यावर सापडतात. आताही ती सुपलीत मेलेली पाल भरायला निघाली होती.

"राहू दे ती," पालआजी म्हणाली. "इकडे आण. आणि टिटवीला पाठव."

टिटवी म्हणजे नात. लहानपणी हिचा आवाज असा होता की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायची. शाळेतून येताना कोपऱ्यावरून "आजी" म्हणून अशी हाक मारायची, की पालआजीने तिला टिटवीच म्हणायला सुरुवात केली. आज जेवताना ती किती बोलली, हे पालआजी मनात आठवत होती. वाढू का. पुरे. छान झालंय. बस, एवढंच.

नात आली, शेजारी खुर्ची ओढून बसली. खिडकीतल्या उजेडात पालआजीने वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पाल उताणी ठेवली आणि खिशातलं भिंग काढलं. ह्या दोघींचा हा जुना खेळ होता.

"सांग बघू कोण आहे."

"आजी, विसरले मी आता."

"सायकल विसरतं का कुणी? बघ. बोटांखाली बघ आधी."

नातीने भिंगावर वाकून बघितलं. केस पुढे पडले, ते तिने कानामागे सारले, आणि कानाच्या पाळीमागे पिवळट हिरवा डाग दिसला. मावळत आलेला.

"पट्ट्या दुभागलेल्या आहेत. म्हणजे घरातलीच, साधी. बाई आहे, छिद्रं नाहीत." ती हसली. "बरोबर?"

"बरोबर. हस परत."

"काय?"

"हस. दात बघू दे."

जेवताना मुलीने त्या दाताचं केवढं कौतुक केलं होतं. नातीच्या समोरच्या दाताचा कोपरा उडालेला होता. मोठेपणी, आजीबरोबर टेकडीवर दगड उलटवताना पडली तेव्हाचा. नवऱ्याने तो कोपरा असा भरून काढला म्हणे, की कुठे भरलाय ते सांगता येऊ नये. पालआजीने भिंग वर धरलं. नातीने मान मागे घेतली नाही, हेही तिच्या ध्यानात आलं. कुणी तोंडाशी हात आणला की स्थिर राहायचं, हे ती शिकली होती. दात सुंदर होता. रंग शेजारच्या दातांशी तंतोतंत जुळवलेला. पण त्या दातावर खालच्या बाजूला दुधाच्या थेंबासारखा एक पांढरा ठिपका होता, दात आला तेव्हापासूनचा. तो नव्हता. हिरडीच्या कडेला एक बारीक काळपट रेघ होती. कोपरा भरलेला नव्हता, दात सगळाच नवा होता. पालीला नवी शेपटी फुटते ती अशीच असते. लांबून तीच वाटते, पण तिच्यावर जुने दाणे उगवत नाहीत. म्हणून ओळख पटवताना नव्या शेपटीवर कधी विश्वास ठेवायचा नाही.

"जुना दात कुठे गेला?" तिने विचारलं.

स्वयंपाकघरात मुलीने नळ सोडला होता, भांड्यांवर पाणी पडत होतं.

"पडले होते. बाथरूममध्ये."

"हं. आणि हा कुणी बसवला?"

"त्यानेच. रात्रीच दवाखाना उघडला माझ्यासाठी. स्वतः सगळं केलं, माणूससुद्धा बोलावला नाही मदतीला." ती वर्तमानपत्राची कड दुमडत होती, उलगडत होती. "जरासुद्धा दुखलं नाही, आजी. त्याचा हात इतका हलका आहे ना."

पालआजीने भिंग खाली ठेवलं. कानातली शिट्टी वाढली.

"मारतो कशाने?"

"आजी."

"ह्यालाच ओळख म्हणतात, टिटवे. मी विचारतेय, तू सांग."

"तो तसा नाहीये गं." आवाज अगदी खाली गेला. "म्हणजे, तसा वागतो तेव्हा तो नसतोच. वेगळाच कुणीतरी येतो. नंतर त्यालाच इतकं वाईट वाटतं, रडतो, पायाशी बसतो. दोन माणसं आहेत त्याच्यात. एक खूप चांगला आहे. तो दुसरा कधीतरीच येतो."

पालआजीला वाटलं, आपल्याच तोंडातून कुणीतरी वाक्यं चोरून नेली आहेत. तिने डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी अजून जराशी बाहेर वळलेली होती, वाट चुकल्यासारखी.

"ही कशी मोडली माहितीय?"

"बाटलीचं झाकण लागून. आईने सांगितलंय कितीदा."

"नाही. तुझ्या आजोबांनी मोडली. पाहुणे गेल्यावर. मग स्वतः बांधली, इतकी छान बांधली की काय सांगू." तिचा आवाज शांत होता, टेकडीवर नव्या मुलांना शिकवायची तसा. "मी दोन बाटल्या केल्या होत्या तुझ्यासारख्याच. चांगला एकीत, वाईट दुसरीत. जन्म गेला त्यात. ती एकच जात असते, बाळ. दिवसाचा रंग न् रात्रीचा रंग. चांगलं वागतो तेव्हाही तोच असतो. हे तुला कळायला माझ्याइतकी वर्षं लागायला नकोत. आज जाऊ नकोस."

नळ बंद झाला होता. मुलगी दारात उभी होती, हात ओले, आणि चेहरा असा, जणू कुणीतरी त्यावर थप्पड मारली आहे.

"आई, पोरीच्या डोक्यात काय भरवतेस हे?" ती म्हणाली. "बाबा गेले, त्यांना आता उत्तर देता येत नाही म्हणून काहीही बोलायचं? असे नव्हते बाबा."

"कसे होते मग?"

मुलगी नुसती वळली आणि पुन्हा ओट्यापाशी गेली. भांडी आपटण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. ती तिथे नुसतीच उभी असावी.

नातजावई केस नीट करत बाहेर आला. शर्टाला एक सुरकुती नव्हती. "चला," तो म्हणाला. "संध्याकाळचे पेशंट आहेत." नात उठली नाही. वर्तमानपत्राकडे बघत म्हणाली, "मी आज इथेच राहते." ते इतकं हळू होतं की खिडकीबाहेरच्या रहदारीत बुडून जायला हवं होतं, पण त्याला ऐकू गेलं. तो हसला. टेबलावरच्या पालीकडे बघितलं, आजीकडे बघितलं. "आजींचा तास चालू आहे वाटतं," तो म्हणाला. मग जवळ येऊन त्याने नातीच्या मानेमागे दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. "दोन मिनिटं आत ये. जरा बोलू. आई, आलोच हं." आणि ती उठली. धडपडलीसुद्धा नाही. ती दोघं आत गेली आणि दार सावकाश लोटलं गेलं.

असं सावकाश लोटलं जाणारं दार पालआजीला माहीत होतं. आदळणाऱ्या दारांना कुणी भ्यायचं कारण नसतं. तिने टेबलाला धरून स्वतःला उभं केलं, गुडघे म्हणाले नाही, ती म्हणाली हो. दारापर्यंत जायला तिला केवढा तरी वेळ लागला. आतून कसलाही आवाज येत नव्हता, आणि तेच वाईट होतं. तिने दार ढकललं. त्याने नातीला भिंतीशी उभं केलं होतं. डाव्या हाताने जबडा धरला होता, दवाखान्यात धरतात तसा, आणि उजव्या हाताचा अंगठा त्या नव्या दातावर मागून दाबून धरला होता. नातीचं तोंड उघडं होतं, ओठाच्या कडेने लाळ आणि तिच्यात रक्ताची तार. डोळे छताला लागलेले. "मीच बसवलाय ना," तो म्हणत होता, अगदी समजावण्याच्या सुरात. "मग मलाच काढावा लागेल. बोल, राहायचंय? आ कर. मोठा आ कर."

"टिटवे," पालआजी म्हणाली.

एवढंच म्हणाली. त्याने मान वळवली आणि बोटं तेवढ्यापुरती ढिली झाली असावीत, किंवा नातीने जबडा मिटला असावा, कारण तो ओरडला आणि नात त्याच्या काखेखालून सुटली. आजीला घासून बाहेर आली. चिखलातून पाय ओढावा तसा तिचा श्वास वाजत होता. तो तिच्यामागे दाराकडे झेपावला. चपलेशिवाय, अनवाणी, तोल सावरायला त्याने चौकटीला हात लावला. चार बोटं चौकटीच्या आत वळली. स्वच्छ, नखं कापलेली, डॉक्टरची बोटं. पालआजीला ती बोटं फार मोठी दिसली, भिंग लावल्यासारखी. प्रत्येक पेर, पेरावरच्या रेघा. दाराची मूठ तिच्याच हातात होती. विचार करायला वेळ नव्हता असं तिला पुढे कुणी म्हणालं असतं तर तिने ते मानलं नसतं. वेळ होता. ती मागे रेलली, सगळं अंग, सगळी वर्षं मुठीवर टाकून, आणि दार ओढून घेतलं.

आधी काहीतरी मऊ लागलं, मग कडक, मग ते कडकही मोडलं. वाळलेल्या काडीसारखं नाही, ओल्या फांदीसारखं. आतून आलेला आवाज माणसाचा वाटेना. ती सोडत नव्हती. दार थरथरत होतं, तिचे खांदे उपटून येतील असं वाटत होतं, आणि तिच्या पोटात कुठेतरी खोल एक ऊब पसरत गेली, पूर्वी कधीच न पसरलेली. ही काय आहे हे तिला कळलं आणि तिने तोंड फिरवलं नाही. सुई देताना आपला हात का कापत नसे, ह्याचंही उत्तर त्यातच होतं. मी उलटी पडले तर माझ्याही मांडीवर त्याच रांगा निघतील, असं तिला वाटलं. निघू देत.

"आई. सोड. आई, सोड आता, बोटं काढली त्याने."

मुलगी होती. तिने आजीची बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. दार घट्ट मिटलं होतं, चौकटीवर लाल ओघळ उतरत होता. आतून धक्के बसायला लागले, एका हाताचे. मुलीने वर हात नेला. पालआजीला वाटलं ही आता दार उघडणार, जावयाची माफी मागणार, डॉक्टर बोलावणार, सगळं पुन्हा बाटलीत भरून झाकण लावणार. मुलीने कुत्र्यांची ती कडी धरली, गंजली होती म्हणून दोन्ही हातांनी, आणि कोयंड्यात बसवली. मग दाराला पाठ लावून तिथेच खाली बसली. धक्क्यांबरोबर तिचं डोकं पुढेमागे होत होतं.

"आपल्या त्या घरात," ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कडी आतून असायची."

पालआजीने तिच्याकडे बघितलं. दाराबाहेर उभी असलेली एक लहान मुलगी, वेण्या घातलेली, तिला दिसली, आणि इतकी वर्षं ती का दिसली नाही हे कळेना. ती वाकून मुलीच्या डोक्यावर हात ठेवणार होती, पण तेवढ्यात तिला नात आठवली. बाहेरचं दार सताड उघडं होतं. खाली गाडी उभी होती, आणि जिन्याने खाली गेलं की तीच गाडी, तोच रस्ता, तेच घर, जिथे जाऊन ती त्याची वाट बघत बसेल, कारण त्याचा हात दुखावला आहे आणि तिला वाईट वाटेल. पालआजी भिंतीला धरत धरत जिन्यापाशी आली. कठड्याला कान लावला. कानातल्या शिट्टीपलीकडे तिने पावलं शोधली. खाली काही नव्हतं. खाली कुठेच काही वाजत नव्हतं.

मग वर, गच्चीचं पत्र्याचं दार धाडकन उघडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून उघड्यावरून एक हाक, फाटकी, रक्ताने भिजलेली, आसपासच्या सगळ्या खिडक्या उघडायला लावणारी, न थांबणारी. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा ब्रेक दाबला. माणसं वर बघत असणार. पालआजी तिथेच पायरीवर बसली. तो आवाज ओळखायला भिंग लागलं नाही.